एकशे शहाऐंशीवरची विहीर

२ नोव्हेंबर, रविवार

उद्या निघायचं. सायकल खोलीच्या मधोमध उभी आहे आणि दिवसभर मी तिच्याभोवती घुटमळतेय. एकोणतीस इंची चाकं काढून सव्वीस इंची रुंद घातली. अरुंद चाक वाळूत सरळ रुतून बसतं, हे सायकलच्या दुकानात गिऱ्हाइकांना शंभरदा सांगितलंय, आता स्वतःला सांगायची पाळी. ब्रेकच्या तारा नव्या, साखळी नवी. किलोमीटर मोजणारा मीटर मात्र जुनाच ठेवला. आठ वर्षं झाली, त्याने मला कधी दगा दिला नाही. माणसांबद्दल असं म्हणता येत नाही.

आईचा फोन आला. "जाऊन मिळणार काय आहे तुला?" आणि मग नेहमीचं. "कॉलेज अर्ध्यात, संसार अर्ध्यात, दुकान अर्ध्यात. आता रस्ता तरी कशाला अर्ध्यात सोडतेस?" मी म्हटलं, कॉलेज प्राचार्यांमुळे सुटलं, संसार सासूबाईंमुळे, आणि दुकानाचं म्हणशील तर माझ्या भागीदाराला विचार. आई म्हणाली, "बरं बाई, तू तेवढी चांगली," आणि फोन ठेवून दिला.

म्हणून हे चाललंय. तीनशे चाळीस किलोमीटरची वाट, नुसती वाळू आणि खडी, मध्ये एक वस्ती नाही, फोनला रेंज नाही. एकटीने, सायकलवर. हे एक तरी मला पुरं करायचंच आहे. नाही झालं तर चव्वेचाळिसाव्या वर्षी आईचं म्हणणं खरं मानावं लागेल, आणि ते माझ्याच्याने होणार नाही.

ताईची यादी आली आहे. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. एकोणीस वर्षं ती फिरत्या दवाखान्याच्या गाडीवर परिचारिका होती, ही वाट महिन्यातून दोनदा करायची. आता वाटेच्या पलीकडच्या टोकाला, पक्क्या दवाखान्यात असते. तिच्या गोल गोल अक्षरात पाच ओळी: शून्य, शेवटचा पेट्रोलपंप. बासष्ट, विहीर. एकशे शहाऐंशी, विहीर, उजव्या हाताला दोन काळे दगड. दोनशे सत्तर, विहीर. तीनशे चाळीस, आमचा दवाखाना. 'मध्ये कुठेही पाणी नाही' हे तीनदा लिहून खाली रेघ मारली आहे. मला जणू वाचता येत नाही.

फोनवर म्हणाली, "धाकटे, नऊ तारखेला सकाळपर्यंत दिसली नाहीस तर मी गाडी घेऊन निघणार." म्हणजे मी पोचणार नाही हे तिने आधीच ठरवून टाकलंय. फार वाईट वाटलं.

३ नोव्हेंबर, सोमवार

पंपावरच्या म्हाताऱ्याने सायकलकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत सायकलकडे.

"एकट्याच?"

"हो."

"घरी भांडलात का?"

मी हसले आणि मीटर शून्यावर आणला. पहिले वीस किलोमीटर चक्क गात होते. पुढे वाळू लागली आणि गाणं बंद झालं. उतरायचं, ढकलायचं, बसायचं, शंभर पावलांवर परत उतरायचं. टायरमधली हवा कमी केल्यावर जरा बरं चाललं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

विहीर मिळाली. पण बासष्टवर नाही! मीटरवर अडुसष्ट झाले तेव्हा. बासष्टवर मी उतरून चारी दिशांना पाहिलं, नुसती वाळू. पुढचे सहा किलोमीटर ताईच्या नावाने बोटं मोडत काढले.

विहिरीवर एक शेळ्यावाली होती. तिने पोहरा ओढून दिला, मला पाजलं, मग शेळ्यांना. ताई माझी बहीण म्हटल्यावर तिचा चेहरा एकदम खुलला. "माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनीच केली. याच झाडाखाली, गाडीला पडदा लावून. शब्दाच्या फार पक्क्या बाई."

शब्दाची असेल, आकड्याची नाही. ताईचं हे लहानपणापासूनचं आहे. शाळेत चालत जाताना माझे पाय दुखायला लागले की ती म्हणायची, "आलंच." दोन मैल उरलेले असायचे तरी "आलंच". दाताच्या डॉक्टरकडे, परीक्षेच्या निकालाला, माझ्या घटस्फोटाच्या तारखांना, सगळीकडे तेच. बाईंना जगात सगळं जवळच दिसतं. त्या हिशोबाने सहा किलोमीटर म्हणजे काहीच नाही तिला.

विचार करून उलगडा झाला. यादीत शून्यावर पंप लिहिला असला तरी ती पंपापासून मोजतच नसणार. पंपाच्या पुढे सहा किलोमीटरवर जो फाटा आहे, तिथून वाट खरी सुरू होते, तिथून तिने मोजलं असणार. सांगायला नको? असो. तिच्या प्रत्येक आकड्यात सहा मिळवायचे की झालं. पुढची विहीर एकशे ब्याण्णववर.

चौदा लिटर पाणी भरलं. सायकल आता बैलासारखी जड झाली आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार

दिवसभरात अठ्ठावीस किलोमीटर. निम्मे ढकलत. ओठ फुटले. लिहायला काही नाही, वारा समोरून आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मीटरवर दीडशे झाले तिथे रस्त्याच्या कामाची एक मोडकी पत्र्याची शेड दिसली. आत कुणी नाही. कोपऱ्यात एक पिंप, त्यात वीतभर तांबूस पाणी आणि वर मेलेला पक्षी. नाक दाबून बाहेर आले. माझ्याकडे अजून पाच लिटर होतं, विहीर बेचाळीस किलोमीटरवर होती, कशाला घेईन ते घाण पाणी? शेडच्या सावलीत दोन तास झोप काढली.

एकटीला बरं वाटतंय, हे लिहून ठेवते. कुणी मागे लागलेलं नाही. कॉलेजातले प्राचार्य आठवले. त्यांनी परीक्षेला परत बसायला बोलावलं होतं, नाही असं नाही. पण बोलावण्याची एक पद्धत असते. चपराश्याकडून चिठ्ठी पाठवली होती. मी गेले नाही आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

विहीर नाही.

सकाळपासून जमीन टणक होती, भराभर आले. एकशे शहाऐंशीवर थांबले, बघावं म्हणून. काही नाही. ठीक, सहा मिळवायचे होते. एकशे ब्याण्णववर थांबले. काळे दगड नाहीत. दगडच नाहीत! उजवीकडे सपाट, डावीकडे सपाट. सायकल आडवी ठेवून उजवीकडे चालत गेले, दोन किलोमीटर असेल, पावलांच्या खुणा धरून परत आले. मग डावीकडे, तिला उजवं-डावं नीट कळतं की नाही कोण जाणे. मग वाटेने आणखी चार पुढे, एकशे शहाण्णवपर्यंत. तिथून एका उंचवट्यावर चढून पाहिलं. डोळे दुखेपर्यंत पाहिलं. उन्हात सगळंच पाण्यासारखं चकाकतं.

दीड लिटर उरलंय.

८ नोव्हेंबर, शनिवार

रात्री पाणी मोजून मोजून प्यायले, म्हणजे झाकणाने. सकाळी पुन्हा सगळीकडे पाहिलं. नाही ती नाही.

मी यादी काढली आणि एकशे शहाऐंशीच्या ओळीवर पेनने इतक्या रेघा ओढल्या की कागद फाटला. बाजूला लिहिलं, खोटारडी. तोंडावर सांगायला मिळेल की नाही माहीत नाही, कागदावर तरी असू दे. कुणाला मी सापडले तर कळेल की मूर्खपणा माझा नव्हता. मी सगळं नीट केलं होतं. पाणी मोजून घेतलं, सायकल नीट केली, दिलेल्या आकड्यांवर चालले. आकडेच जर खोटे असतील तर माणसाने काय करावं?

लोक म्हणायचे, तुझी बहीण तुला पाण्यात पाहते. आज म्हणते, पाहू दे की, तेवढं पाणी तरी असू दे कुठे.

बारा वाजलेत. सायकलवर चादर टाकून तिच्याखाली पडले आहे. विचार केला. पुढे काय आहे ते ताईच्या यादीत आहे, म्हणजे काहीच माहीत नाही. मागे शेड आहे, पिंप आहे, पक्षी आहे, पण पाणी आहे आणि ते मी डोळ्यांनी पाहिलंय. सेहेचाळीस किलोमीटर मागे. ऊन उतरलं की मागे फिरणार. आई जिंकली. जिंकू दे.

सासूबाई आठवत राहिल्या आहेत, कशा कोण जाणे. मी निघून आल्यावर दोन वर्षं पत्रं पाठवायच्या. 'तुझी खोली तशीच आहे.' सगळी नाटकं. एकालाही उत्तर दिलं नाही. आज त्या खोलीतला माठ डोळ्यांसमोरून हलत नाही.

मला मरायचं नाही. हे कुणाला सांगू? मला मरायचं नाही, मला मरायचं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

काल संध्याकाळी मागे फिरले. नऊ किलोमीटर झाले आणि पडले, पडले तिथेच झोपले. सकाळी उठून पाहते तर मागचं चाक बसलेलं. काटा. मी सायकलला शिव्या दिल्या, मग रडले, पण डोळ्यांतून काही आलं नाही.

पंक्चर काढायला बसले. डोकं चालत नव्हतं पण हात चालत होते. चाक सोडवलं, टायर उतरवताना बोट कडेवरून फिरतं, तिथे उठावाची अक्षरं असतात. मी ती कधी वाचत नाही, बोटच वाचतं. बोटाने वाचलं, सव्वीस.

सव्वीस.

किती वेळ बसून होते माहीत नाही. मग मीटरचं बटण दाबून धरलं. तीन सेकंद धरलं की आत भरलेला चाकाचा घेर येतो, मिलिमीटरमध्ये. आला. २२९०. हा एकोणतीसच्या चाकाचा. सव्वीसच्या या टायरला दोन हजार ऐंशीच्या आसपास लागतो, मला झोपेत विचारलं तरी सांगेन. दुकानात चाक बदलायला कुणी आलं की माझं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: मीटरचा आकडा बदलून घ्या, नाहीतर फसाल. शंभर जणांना सांगितलं असेल. स्वतःची चाकं बदलली, आणि मीटर तसाच उचलून लावला.

म्हणजे चाक फिरतं लहान, मीटर मोजतो मोठं, आणि दहा किलोमीटरला अकरा दाखवतो. पहिल्या विहिरीपाशी सहा जास्त झाले, कारण तिथवर बासष्टच होते. फाटा नाही, सहा मिळवायचे नाहीत, काही नाही. ताईच्या एकशे शहाऐंशीला माझ्या मीटरवर दोनशे साडेचार व्हायला हवेत. मी एकशे शहाण्णववरून मागे फिरले.

तोंडचं पाणी पळालं म्हणतात. माझ्या तोंडात पळायलासुद्धा काही नव्हतं.

आता हिशोब. विहीर इथून खरे सोळा किलोमीटर पुढे. पिंप खरे चौतीस मागे. पाणी एक पेला, तोही पुरा नाही. परवा मी उंचवट्यावर उभी होते तिथून विहीर आठ किलोमीटर होती फक्त. आठ.

पंक्चर झालं. चाक बसवलं. मीटर काढून पिशवीत टाकला, त्याच्याकडे बघवत नाही. ऊन चढतंय, पण थांबले तर उठणार नाही. पुढे जाते. हे चुकलं तर...

१० नोव्हेंबर, सोमवार

जिवंत आहे.

कालचं सलग आठवत नाही. पेला पहिल्या तासातच संपला. बसून सायकल चालवणं जमेना, तिच्यावर ओणवं होऊन ढकलत होते, म्हणजे तीच मला धरून होती. एकदा वाटलं कुणीतरी मागून हाक मारतंय, वळून पाहिलं तर साखळी वाजत होती. उंचवटा ओलांडला. पुढे काय दिसलं ते आठवत नाही, पण दगड आठवतात. दोन. काळे. उजव्या हाताला. माणसाच्या उंचीचे, लांबूनही चुकणार नाहीत असे. विहिरीवर लोखंडी झाकण, झाकणाला साखळी, साखळीला पोहरा. दोनदा ओकले आणि तिसऱ्यांदा पाणी पोटात राहिलं. मग तिथेच दगडाच्या सावलीत आडवी झाले.

आज सकाळी गाडीचा आवाज आला. दवाखान्याची जुनी पांढरी गाडी पलीकडून येत होती. ती पुरती थांबायच्या आतच ताई खाली उतरली. त्रेपन्न वर्षांची बाई, गुडघे दुखतात म्हणून एरवी जिना टाळते, ती वाळूतून पळत आली. माझ्यापाशी येऊन थांबली आणि नाडी धरली. मग डोळ्यांच्या पापण्या खेचून पाहिल्या, जीभ काढायला लावली, मीठ-साखरेचं पाणी पाजलं. सगळं करताना ओठ घट्ट मिटलेले. मला वाटलं रागावली आहे.

ड्रायव्हर सायकल उचलायला गेला. जाता जाता मला म्हणाला, "ताई दोन दिवस जेवल्या नाहीत हो. काल सकाळीच निघालो, पण गाडी वाळूत रुतली आणि रात्र वाटेतच गेली. गाडीच्या जुन्या वह्या काढून बसल्या होत्या, एकोणीस वर्षांच्या. दर फेरीचा आकडा पडताळत होत्या. मी म्हटलं, अहो, त्या परत फिरल्या असतील, तुम्हीच सांगता ना त्यांची सवय. तर माझ्यावरच खेकसल्या."

सायकलच्या पुढच्या पिशवीला यादी टाचलेली होती. ताईने ती काढली. मी अडवायला हवं होतं, पण हात वर झाला नाही. तिने चष्मा लावला. फाटलेली ओळ पाहिली. बाजूचा शब्द वाचला. बराच वेळ वाचला, एकच शब्द तो.

मग ती माझ्यासमोर वाळूत बसली. "मी चुकीचा लिहिला ना आकडा?" म्हणाली. "सांग मला. वह्यांत एकशे शहाऐंशीच आहे सगळीकडे, पण मला वाटत होतं की गाडीचाच काटा खोटा असेल तर? दोन दिवस एवढंच डोक्यात आहे. माझ्या एका आकड्याने तू मेलीस, आणि मी आईला काय सांगू?" आणि ती रडायला लागली. ताईला मी रडताना कधी पाहिलं नव्हतं. बाबा गेले तेव्हाही ती सगळ्यांना चहा देत होती.

इथे खरं लिहिते, कारण ही वही माझी आहे. मी लगेच खरं सांगितलं नाही. वाक्य तोंडात तयार होतं. 'अगं असू दे, होतं असं, तूही माणूसच आहेस.' एवढं म्हटलं असतं की झालं असतं. तिने जन्मभर मानलं असतं. मी तिला मोठ्या मनाने माफ केलं असतं आणि घरी सगळ्यांनी ऐकलं असतं, की वाट पुरी झाली नाही कारण ताईचा आकडा चुकला. मीटर पिशवीत होता. कुणीही बटण दाबून बघणार नव्हतं. किती सोपं होतं ते, आणि किती सवयीचं. प्राचार्य, सासूबाई, भागीदार, सगळे ओळीने त्या दगडांपाशी उभे आहेत असं वाटलं मला.

"तुझा आकडा बरोबर होता," मी म्हटलं. "मी चाकं बदलली आणि मीटरमध्ये आकडा बदलला नाही. चूक माझी."

ताईने मान वर केली. "काय?"

"दहाला अकरा दाखवत होता. दुकानात मी सगळ्यांना सांगायचे. स्वतःचंच विसरले."

तिने माझ्या थोबाडीत मारली. चांगली सणसणीत, ड्रायव्हरने तिकडे तोंड फिरवलं. मग मला असं कवटाळलं की श्वास कोंडला. आणि हुंदके देत देत म्हणाली, "नालायक. नालायक कुठली." मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. आता डोळ्यांतून पाणी येत होतं.

थोड्या वेळाने मी विचारलं, दोन दिवस इथे पडून राहिले तर पुढचं जमेल का? तिने पुन्हा नाडी पाहिली, माझे सुजलेले पाय पाहिले, लघवी झाली का ते विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाली, "गाडीत बस."

सायकल टपावर बांधली आहे. मी मागच्या बाकावर आडवी, हाताला सलाईन, गाडी हलतेय म्हणून अक्षर वेडंवाकडं. ताई पुढे बसली आहे आणि दर पाच मिनिटांनी वळून पाहतेय. एकशे चोपन्न किलोमीटर राहिले ते राहिलेच. हेही अर्ध्यात सुटलं, आणि आईने कारण विचारलं तर सांगायला या वेळी माझ्याकडे दुसऱ्या कुणाचंही नाव नाही.